भर बाजारात दफ्तराला ऊन

एकदा एका संस्थानाच्या कारभाऱ्यांनी दवंडी पिटवली. जुना दफ्तरखाना रिकामा करून तिथं धान्याचं कोठार होणार, कागद चुन्याच्या भट्टीत जाणार. कोणाची हरकत असल्यास उद्या सूर्यास्तापूर्वी कळवावी.

हरकत? अहो, गावात कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही!

वृद्ध दफ्तरदार शांत होते. त्यांचा शिष्य मात्र धावतच त्यांच्याकडे आला. लाल कापडी रुमालांत बांधलेले पिढ्यान्‌पिढ्यांचे कागद त्यानं जिवापाड जपले होते, परक्याची सावली त्यांवर पडू दिली नव्हती. "गुरुजी, सोनेरी वेलबुट्टीच्या सनदा कारभाऱ्यांना दाखवू या ना," तो काकुळतीनं म्हणाला.

"आधी रुमालांना ऊन दाखवू," म्हणत गुरुजींनी गाडी जुंपली आणि दफ्तर थेट आठवड्याच्या बाजारात नेलं.

शिष्य हादरला. ऊन दाखवायचं ते बंद अंगणात, ही रीत. इथं धूळ, शेळ्या, गुळानं चिकट झालेले हात! त्यात गुरुजींनी सनदा बाजूला सारल्या आणि कुंभारआळीच्या विहिरीवरचं एक जुनं भांडण खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. मडकी विकणारी म्हातारी पुढं सरसावली. "अगं बाई! ही तर माझी आजेसासू! अशीच तोंडाळ होती म्हणे!" हशा पिकला. "आमच्या आळीचं वाचा की!" म्हणत माणसं लोटली. त्या रेटारेटीत एका कागदाचा कोपरा टरकन फाटला. शिष्याला रडूच कोसळलं.

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाळ, हा कोपरा खळीनं डकवता येईल. पण दवंडी फिरली आणि कोणाच्या घशात घास अडला नाही, ते कशानं डकवशील? कागद आपण राखले. ज्यांचे ते, त्यांनाच पारखे केले. ज्याच्या जाण्यानं कोणाला चुटपुट लागत नाही, ते कितीही जपलं तरी एक दिवस जातंच."

शिष्याला ते ऐकू आलं, पटलं नाही. दफ्तर परत जागेवर लावून दुसरा दिवस त्यानं घालमेलीत काढला.

उन्हं उतरता कारभाऱ्यांचा कारकून गाड्या घेऊन आला. पाहतो तो दफ्तरखान्याच्या उंबऱ्यावर ती म्हातारी ठाण मांडून बसलेली, मागं सगळी कुंभारआळी. "आमची माणसं आहेत आत. हात तर लावून बघा!" गर्दीचा रंग पाहून कारकुनानं गाड्या मुकाट वळवल्या.

म्हातारी शिष्याकडं वळली. "अरे, पण विहिरीचा निकाल काय लागला? ते राहिलंच की!"

शिष्यानं डोळे पुसले, तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला आणि रुमालाची गाठ सोडली.