वीतभर ताणा

“आणि सदऱ्याची बटणं?”

“सून लावते.”

“अंथरुणात कुशीवर वळता येतं?”

“येतं की. वळायला लागलो की वळून होईपर्यंत सकाळ होते.”

हर्षदा हसली नाही. तिनं फॉर्मवर लिहिलं, ‘मदत लागते’.

येवल्यात रंगनाथसांच्या मागाच्या खोलीत हे बोलणं चाललं होतं. रंगनाथसा पैठणी विणणारे. कंपवात होऊन सहा वर्षं झालेली. उजवा हात मांडीवर ठेवला की आपला आपण थरथरत राही. माग आता सून चालवायची.

हर्षदा दहाव्या वर्षी या मागावर बसली ती सोळाव्या वर्षापर्यंत. धागा कसा धरायचा, हे रंगनाथसांनीच तिला शिकवलं. पुढं ती पुण्याला गेली, डॉक्टर झाली आणि प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी वाढवू लागली. आपण हुशार आहोत, हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

फॉर्ममध्ये चाळीस प्रश्न होते. काय येत नाही, त्याचे. तिनं बेरीज केली.

“आमच्या प्रयोगात बसता तुम्ही. सहा जण घ्यायचेत. पाच ठरले. सहावं नाव उद्या द्यायचंय. सही करा, काका.”

“माझ्या डोक्यात भाडेकरू ठेवणार म्हणे.”

“भाडेकरू कसले? तुमच्याच कातडीतल्या पेशी घ्यायच्या. त्यांना पुन्हा गर्भातल्यासारखं कोवळं करायचं. मग त्यांच्यापासून डोपामिन बनवणाऱ्या पेशी घडवायच्या. ते डोपामिन कमी पडलं म्हणून तर हातपाय ऐकत नाहीत. अशा पेशी मी घडवल्यात काका, स्वतः.”

“आणि माझ्या जुन्या?”

“हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याहून जास्त मेलेल्या असतात.”

“म्हणजे काही आहेत अजून.”

“आहेत. पण त्या आम्ही धरत नाही.”

रंगनाथसांनी मान हलवली. ती कंपानं हलली की होकारानं, हे तिला कळलं नाही.

“नव्या कुठं सोडणार? जुन्यांच्याच जागी?”

“नाही. जुन्या पेशी मेंदूच्या तळाशी असतात. त्यांचे धागे तिथून पार वर जातात. बाळ पोटात असताना त्या धाग्यांना वाट दाखवणाऱ्या खुणा असतात. माणूस मोठा झाला की त्या फारशा उरत नाहीत. म्हणून नव्या पेशी वरच सोडायच्या, धागे जिथं पोचायचे तिथं.”

“तिथं गेल्यावर कुणाला धरायचं, ते त्यांना कोण सांगणार?”

“सापडेल त्यांना.”

“सापडेल?”

याच विषयावर तिनं दोन परिषदांमध्ये टाळ्या घेतल्या होत्या. इथं मात्र तिनं उत्तराऐवजी फॉर्मच पुढं धरला.

“काका, सही करा ना. तुमचा हात पुन्हा पहिल्यासारखा झालेला बघायचाय मला. दुसरं काही नको.” हे फॉर्ममधलं नव्हतं.

रंगनाथसा उठले. उठायला वेळ लागला. तिनं हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. ते मागापाशी गेले.

सकाळीच सुनेनं एक पैठणी उतरवली होती. फणीतून ओवलेल्या जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर हिरवी टोकं मागावर तशीच होती. शेजारी राणी रंगाचा नवा ताणा गुंडाळून ठेवलेला.

रंगनाथसांनी कात्री उचलली. सावकाश उघडली आणि हिरव्या टोकांना लावली.

“काका!”

हर्षदानं धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. फॉर्म खाली पडला.

“काय गं?”

“कापताय काय!”

“वीतभर तर आहे. त्यात काय विणून होणार? मी नाही ते धरत.”

“विणायला कुठं ठेवतात ते? नवा ताणा याच टोकांना सांधायचा ना! ही टोकं फणीतून ओवलेली आहेत. यांच्या मागोमाग नवे धागे जातात. ही कापली तर दोन-अडीच हजार धाग्यांनी जायचं कुठून?”

“सापडेल त्यांना.”

तिनं मनगट सोडलं नाही.

मग तिच्या लक्षात आलं, धरलेलं मनगट थरथरत नव्हतं. रिकामा हात थरथरतो आणि कामाला लागला की पुष्कळदा शांत होतो, हे ती विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत असे. सकाळपासून तिनं रंगनाथसांच्या हातात काहीच दिलं नव्हतं. फक्त प्रश्न विचारले होते.

तिनं हळूच कात्री काढून घेतली. फॉर्म उचलला, उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती जमिनीवरच बसली, लहानपणी बसायची तिथं.

“काका… अजून काय काय येतं तुम्हाला?”

रंगनाथसा मागाजवळ टेकले. धागा निसटू नये म्हणून वाटीतल्या राखेत त्यांनी बोटं बुडवली. एक हिरवा धागा वेगळा केला आणि चिमटीत धरला. फार हळू. पूर्वी एवढ्या वेळात ते वीस धागे सांधत. पण धागा सुटला नाही.

हर्षदा पेन हातात धरून बघत राहिली.

“आणि सही, काका?”

“करतो. आधी ते पेन ठेव… आणि नव्याचं टोक धर.”