नागनाथाची सरासरी

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव नागनाथ. तालुक्याला एका दुकानात कामाला, रोज स्कूटरवरून ये-जा. मध्ये घाट. पंधरा किलोमीटर चढ, पंधरा किलोमीटर उतार, की घर.

त्याच्या बायकोने, कावेरीने, श्रावणी सोमवार धरले होते. नेम असा, की दिवस मावळायच्या आत नवऱ्याबरोबर जेवून उपास सोडायचा. दिवस मावळला की सकाळपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. तिच्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर एसटी चालवलेली. त्यांनी जावयाला समजावून सांगितलं: मावळायच्या सव्वा तास आधी निघा, ताशी तीसची सरासरी ठेवा, वेळेत पोचाल.

पहिल्या सोमवारी नागनाथ रमतगमत, पंधराच्या वेगाने घाट चढला. माथ्यावर आला तर सूर्य बुडायला आला होता. तो काही घाबरला नाही. चढ पंधराने झाला, उतार पंचेचाळीसने करू, मधोमध तीस. घरी पोचला तेव्हा कावेरीने पानं उचललेली.

आबांनी कपाळाला हात लावला. "जावईबापू, सगळा तास चढावरच गेला. पुढं विमानानं आला असता तरी तीस भरली नसती. सगळं अंतर घ्या, सगळ्या वेळानं भागा. आणि थांबू नका. थांबलेला वेळही त्यात धरतात."

दुसऱ्या सोमवारी तो अगदी तीसने आला. अंगणात अजून ऊन होतं. कावेरी दारात उभी. त्याने तिला हात केला आणि थेट पुढे निघून गेला. पेट्रोल संपलं तेव्हा थांबला, तिसऱ्या गावच्या शिवेवर. त्या रात्री कावेरीने महादेवालाच विचारलं, माझंच काही चुकतंय का?

आबा आता हात जोडून म्हणाले, "सरासरी भरली की घरात यायचं, बाबा."

तिसऱ्या सोमवारी नागनाथ दुपारीच निघाला. ऊन असताना त्याची स्कूटर दाराशी आली आणि कावेरीला वाटलं, देव पावला. तिने पानं मांडली, खीर वाढली. पण हा उतरेना. आज घाटात फार वेळ मोडला होता, सरासरी पंधराच पडत होती. ती भरायला तो गावाभोवती सुसाट फेऱ्या मारू लागला. दोघीतिघी बायकांनी, प्रदक्षिणेचा नवस असेल म्हणून, हात जोडले.

"अहो, आधी जेवून घ्या," कावेरी दर फेरीला म्हणायची.

"भरू दे," तो दर फेरीला म्हणायचा.

दिवस मावळून गेल्यावर तो घाम पुसत आत आला. "भरली. बरोब्बर तीस."

खिरीवर साय धरली होती. कावेरीच्या डोळ्यांत पाणी आलं. नागनाथ मनाचा वाईट नव्हता. तो तिच्याजवळ बसला.

"रडू नको. घाटातल्या देवळात आज प्रसादाची पंगत होती, तिथंच तर उशीर झाला. मी दोन पानं जेवलो, तू एकही नाही. काढ सरासरी. दोघंही एकेक पान जेवलोय. सुटला की तुझा उपास."