ठकूचा घास

फार फार मागची गोष्ट. घाटमाथ्यावर करंजघोळ नावाच्या गावात ठकू नावाची विधवा राहत होती. तिची एकुलती लेक येसू घाटाखाली, तीन दिवसांच्या वाटेवर दिलेली. सासरी निघताना येसूने आपली मांजर आईच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "आये, मी येईपर्यंत माझ्या कवडीला जप."

त्या काळी शिकारीला बंदी नव्हती. रानडुक्कर मारलं की घरोघर वाटे जायचे आणि मांजरांपुढे कच्चं काळीज, आतडी टाकायची रीत होती. ठकूने तर मायेपोटी वाडगाभर टाकलं. ते खाऊन तिसऱ्या दिवशी कवडी मेली. मागे नुकतंच दूध सुटलेली तीन पिल्लं राहिली.

"लेकीला काय दाखवू आता?" ठकू पिल्लांकडे बघून म्हणायची.

त्यानंतर तिने पिल्लांना कच्चं कधी दिलं नाही. वाट्यातला एक तुकडा मीठ, कांदा काही न घालता मऊ शिजवायची. निवला की बोटांनी चाचपून हाडाची कपची नि बंदुकीचा छर्रा काढायची. मग एकेकाला चिंचोक्याएवढा घास. तोही वाटा आला त्या दिवशीच, एरवी उंदीर होतेच.

शेजारची गोदू हसायची. "ठकूबाय, जावयाचा पाहुणचार चाललाय जणू. पण अळणी गं."

"जावई लेकीला घेऊन आला की मीठ घालीन," ठकू म्हणायची आणि घाटाच्या वाटेकडे बघायची.

पुढच्या वर्षीच्या शिकारीनंतर गावातली सगळी मांजरं दगावली. ठकूची तेवढी जगली. बियाण्याच्या कणगीत उंदीर शिरले, तेव्हा लोक तिची मांजरं मागायला आले. ठकूला देववेना. येसू येईल, तिला कवडीचं सगळं गोत दिसायला हवं होतं. शेवटी तिने दोन दिली आणि एक लेकीसाठी ठेवलं. देताना प्रत्येक बाईची बोटं हातात धरून मांस कसं चाचपायचं ते शिकवलं.

तिच्या हातचा एक घास मांजराला आठवडाभर पुरायचा, असं म्हणतात. संध्याकाळी ती घाटाच्या तोंडाशी उभी राहिली की सात वाड्यांची मांजरं तिच्या मागे येऊन गुपचूप बसायची, असंही म्हणतात.

येसू आली नाही. कोणी म्हणे साथीत गेली, कोणी म्हणे सासरची माणसं गुरं घेऊन दूर देशी गेली. एका धुक्याच्या सकाळी म्हातारी ठकू घाट उतरू लागली. पुढे मांजरं, मागे ती. धुकं उठलं तेव्हा वाट रिकामी होती, असं म्हणतात.

शिकार आता कधीचीच बंद झाली. पण करंजघोळात नुसतं कोंबडं शिजलं, तरी मिठाआधी एक तुकडा वेगळा काढतात. त्याला ठकूचा घास म्हणतात. माहेरी आलेल्या लेकीने तो चाचपून मांजराला द्यायचा, मगच पानं वाढायची. लेक आलेली नसली तर आईच चाचपते. पण त्या दिवशी पानं वाढायला जरा उशीर होतो. आई आधी घाटाच्या वाटेकडे बघून येते.