छताखालची धूळ

फार पूर्वी घाटमाथ्यावरच्या एका नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पाथरवटांच्या कुळात जन्मले आणि पुढे राजाच्या लेण्याचे सूत्रधार, म्हणजे मुख्य कारागीर, झाले. डोंगर छतापासून खाली कोरत आणायचा, ही त्या कामाची रीत. खांबांवरची कमळे अगदी शेवटी.

नवे कामकरी आणायला म्हातारा पाथरवट भद्रक गावोगाव फिरे. सांगताना त्याचे डोळे भरून येत. "कमळं कोरायची रे पोरांनो! आमच्या काळी संध्याकाळचं ऊन लेण्यात शिरायचं, पाकळी न् पाकळी उजळायची. राजा स्वतः येऊन पाठ थोपटायचा. गेले ते दिवस!" म्हाताऱ्यांचे असेच असते. दिवस आठवतात, त्यातली ढोरमेहनत तेवढी गाळतात.

रोहक नावाचा तरुण ते ऐकून आला. निघताना आईला म्हणाला, "माझं कमळ बघायला तुला घेऊन जाईन." इथे त्याला डोंगराच्या पोटात खोदलेल्या एका अरुंद बिळात उताणे घातले. वर छत, हातात छिन्नी, डोळ्यांत धूळ. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पुन्हा पावसाळा आला; कमळाचे नाव नाही. शेवटी एक दिवस तो शेजारच्या जुन्या लेण्यात घुसला आणि भद्रकाने कोरलेल्या कमळावर त्याने हातोडा उगारला.

"अरे, नको! माझा जन्म गेलाय त्यात!" भद्रक ओरडला.

"आणि माझा, आजोबा? तो काय वाटेवर पडलाय?"

बोधिसत्त्व तिथे आले. त्यांनी रोहकाचा हात धरला नाही. भद्रकाला विचारले, "बाबा, या कमळाआधी तुम्ही काय करीत होता?"

भद्रक म्हणाला, "छत. मिसरूड फुटण्याआधी बिळात शिरलो. कमळाला हात लागला तेव्हा दाढी पिकली होती."

"हे पोराला सांगितलंत?"

"आठवलंच नाही रे. खरंच. आठवतं ते कमळच."

रोहकाने हातोडा खाली टाकला आणि तो घरी निघून गेला. बोधिसत्त्वांनी त्याला अडवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते नव्या माणसाला आधी छताखाली निजवीत, धूळ खाऊ देत, मग विचारीत, "काम हेच आहे. कमळ कदाचित तुझ्या मुलाच्या वाट्याला येईल. राहतोस?"

राजाचा अमात्य भडकला. "अशानं कोण राहील? लेणं रखडलं तर राजानं कबूल केलेलं तुमचं बक्षीस गेलं समजा!"

"जाऊ द्या," बोधिसत्त्व म्हणाले.

अर्धे लोक परत गेले. बक्षीसही गेले. पण जे राहिले ते छताखाली गात असत.

सुगी उरकल्यावर रोहक परत आला. "आता धूळ ठाऊक आहे," एवढेच म्हणाला. कमळ त्याच्या वाट्याला कधीच आले नाही. म्हातारपणी तो लेण्याच्या तोंडाशी बसून नव्या पोरांना सांगे, "काय दिवस होते! डोळ्यांत धूळ, पाठीखाली खडे..." आणि हसे. कमळाचा विषय पोरांनाच काढावा लागे.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "आज चीवर टाकून घरी निघालेला हा तरुण भिक्षू तेव्हा रोहक होता. विहारातल्या सुखाच्या गोष्टी सांगून त्याला इथे आणणारे, आणि आता मान खाली घालून बसलेले हे स्थविर म्हणजे भद्रक. सूत्रधार मीच. भिक्षूंनो, आधीच धूळ दाखवण्याच्या या गुणाला सत्य म्हणतात. माणूस बिळात शिरण्याआधी जे सांगितले तेच सत्य. नंतर सांगितलेले कोणाच्या उपयोगाचे?"