दोर धरणारे

पुष्कळ जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात धान्य जमिनीखालच्या पेवांत साठवत. कुठे किती धान्य आहे ते मोजणीदार राजाला सांगत. त्यावरून दर घराचा वाटा ठरे.

पेव खोल आणि कोंदट असते. म्हणून मोजणीदार जोडीने जात. एकजण कमरेला दोर बांधून आत उतरे, धान्य उकरून पाही, भिंतीची ओल तपासी. दुसरा वर दोर धरून बसे.

एकदा कारभाऱ्याने हे पाहिले. तो राजाला म्हणाला, "महाराज, एकजण राबतो आणि दुसरा नुसता ऊन खात बसतो. फुकटचा पगार!"

राजाला पटले. दोर धरणारे घरी गेले. उरलेल्यांनाही चाकरीचा भरवसा नव्हता. आज चाकरी आहे, उद्या असेल की नाही कोण जाणे. एकट्याने पेवात उतरणार कसे? ते वरूनच काठी खुपसू लागले. काठी धान्याला लागली की म्हणत, "भरलेले आहे." कारभारी खूश होई.

त्यांत एक म्हातारा मोजणीदार होता. घरी खाणारी तोंडे पुष्कळ. त्यानेही काठी खुपसली, "भरलेले आहे" म्हणाला. पण त्या दिवसापासून त्याला भाकरी गोड लागेना.

पुढे पाऊस हुकला. राजाने दरबारात हुकूम दिला, "पेवे भरलेली आहेत. सगळ्यांना पुरा वाटा द्या."

म्हाताऱ्याला राहवले नाही. तो उठून म्हणाला, "महाराज, पेवे भरलेली आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही."

"ऐका! मोजणीदारालाच ठाऊक नाही!" कारभारी हसला.

"मग तुला पोसतो कशाला?" राजा गरजला.

"अर्ध्यांनाच पोसता, महाराज. म्हणून अर्धेच कळते. काठीला वरचे धान्य लागते. तळाचे उतरल्याशिवाय दिसत नाही."

"मग उतर!"

"दोर कोण धरणार?"

राजाने कारभाऱ्याकडे पाहिले. कारभाऱ्याने मान खाली घातली. राजा आसनावरून उठला. "चल. मी धरतो."

पेवाचे तोंड उघडले. आतली वाफ जाऊ दिली. म्हातारा उतरला. दोर राजाच्या तळव्यांत रुतला, पण त्याने सोडला नाही. थोड्या वेळाने खालून हाक आली, "ओढा!"

म्हातारा वर आला. त्याच्या मुठीत काळे, बुरसटलेले धान्य होते.

राजाने दोर धरणाऱ्यांना बोलावणे धाडले. काही परमुलखात गेले होते, ते आले नाहीत. त्यांच्या जागी नवे शिकवावे लागले. आले त्यांतला एक म्हणाला, "काय महाराज, पुन्हा ऊन खायला बोलावलंत?" राजाने ते मुकाट ऐकून घेतले.

सगळी पेवे तपासली. चांगले धान्य वाळवले, नासलेले फेकले. वाटा कमी झाला. लोक कुरकुरले. पण नवे पीक येईपर्यंत एकाही घरची चूल थंड पडली नाही.

ज्याला खरे कळायला हवे, त्याने खरे शोधणाऱ्यांना एकटे पाडू नये आणि धाकात ठेवू नये.