बुधाने दिली ऊब

वेळवी बंदरावर एक भोळा राहायचा. बुधा त्याचं नाव. भोळा कसला, निव्वळ बैल! पण आईवर जीव भारी. बाप गेल्यापासून म्हातारीही मरेल या धास्तीने त्याला घास गोड लागायचा नाही.

अशात शहरातून प्रोफेसर खांडवे आले. बर्फाच्या कारखान्यात खोली घेतली आणि पाटी लावली, 'येथे मरण मागे फिरवले जाते.' बुधा त्यांच्याकडे हरकाम्या राहिला.

"सर, आई मेली तर उठवाल?"

"अरे, मरण म्हणजे काय मोठी चीज! थंड केलं की जागच्या जागी थबकतं."

आई म्हणाली, "मेल्या, जन्मभर मासे बर्फात ठेवले. एक तरी उठला का?"

"तू शिकलेली नाहीस," बुधा म्हणाला.

सरांची लाडकी कोंबडी आजारी पडली. बुधाने ती बर्फात पुरली. संध्याकाळी काढली तर लाकूड!

"गाढवा, जिवंताला बर्फात घालतात? आधी हाक मारायची. ओ दिली नाही तर मेलं समजायचं."

"चुकलं सर. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

आबा नाखवा बर्फ न्यायला आले. ठार बहिरे. बुधाने हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. ओ नाही. उचलले आणि घातले बर्फाच्या हौदात! आबांनी शिव्यांनी बंदर दणाणून सोडलं.

"अरे ठोंब्या," सर ओरडले, "ओ दिली नाही, अगदी थंडगार पडला, तरी लगेच मेला म्हणायचं नसतं! आधी ऊब द्यायची, भरपूर!"

"चुकलं सर. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

मग सरांना खुमखुमी आली. गाव जमवलं आणि स्वतःच लंगोट लावून बर्फात निजले. म्हणे, "मरणाला हात लावून येतो!" दात वाजले, मग वाजायचेही थांबले. बोट हलेना.

"गेला बिचारा," लोक म्हणाले.

बुधा मात्र शांत. ऊब द्यायची, भरपूर. एवढी ऊब गावात एकाच ठिकाणी मिळते. त्याने सरांना खांद्यावर टाकलं आणि मसणवटीत नेलं. लोकांना वाटलं, पोर शहाणं झालं. सगळे लाकडं रचू लागले. बुधाने पेटवलं.

तळपायाला चटका बसला तसे सर किंचाळत उठले, सरणावरून उडी टाकली आणि लंगोटावरच एस.टी. स्टँडकडे सुसाट सुटले. भूत भूत करत गावही पळालं.

बुधा धापा टाकत घरी आला.

"आई, आता भिऊ नकोस! मेलेलं माणूस सरणावर उठतं. फक्त लाकडं बेताची घालायची!"

आणि एकाएकी त्याने भोकाड पसरलं.

"म्हणजे बाबाही उठले असते गं! आपणच मेली लाकडं जास्त घातली!"