मुंगीचं अंडं आणि वालाचं पान

एक होती मुंगी. इवलीशी. तिचं होतं एक अंडं. तिच्याहून इवलंसं.

परसात वालाचा कोंब होता. त्याच्या सावलीत अंडं निजलं होतं.

मालूमावशी आली. तिने कोंबावर टोपली घातली. धप्प!

"झाकलं की वाल छान वाढतात," ती म्हणाली.

कोंब आडवा झाला. मूळ उघडं पडलं. पान पडलं अंड्यावर. सगळा काळोख!

अंडं फुटलं नाही हं. नुसतं अडकलं.

मुंगीने पान ढकललं. हूं! हूं! हलेचना.

"पाना, पाना, ऊठ ना! अंडं सुटेना."

"देठ उठला, तर मी उठेन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"देठा, देठा, ऊठ ना! पान उठेना, अंडं सुटेना."

"मूळ रुतलं, तर मी उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"मुळा, मुळा, रुत ना! देठ उठेना, पान उठेना, अंडं सुटेना."

"वाढीचा रस आला, तर मी रुतेन."

रस बसला होता शेंड्यात. मुंगी चढली. तुरुतुरु तुरुतुरु.

"रसा, रसा, ये ना! मूळ रुतेना, देठ उठेना, पान उठेना, अंडं सुटेना."

"काळोखात कुठे येऊ? ऊन आलं, तर मी येईन."

मुंगी टोपलीच्या फटीतून बाहेर. तुरुतुरु तुरुतुरु.

"उन्हा, उन्हा, ये ना! रस येईना, मूळ रुतेना, देठ उठेना, पान उठेना, अंडं सुटेना."

"टोपली निघाली, तर मी येईन."

मावशी ओट्यावर मोडाचे वाल सोलत होती.

"मावशी, मावशी, टोपली काढ ना! ऊन येईना, रस येईना, मूळ रुतेना, देठ उठेना, पान उठेना, अंडं सुटेना!"

"चल गं चिमुरडे! मला शिकवतेस? मी जन्मभर वाल झाकूनच ठेवले."

"अगं मावशी, ते बिरड्याचे, मोड आणायचे! हा मातीतला, याला ऊन हवं!"

मावशीचा हात थांबला. "अगं बाई! खरंच की!"

तिने टोपली उचलली. अल्लद.

ऊन आलं. लखलख लखलख.

रस निघाला. झुळझुळ झुळझुळ. मुळाच्या नि देठाच्या खालच्या अंगाला साठला.

मुळाचं खालचं अंग थबकलं, वरचं वाढलं. मूळ खाली वळलं. रुतलं!

देठाचं उलटं! त्याचं खालचं अंग लांबलं. देठ वर वळला. हळू... हळू... सकाळची दुपार झाली. मुंगी बघतच राहिली.

देठ उठला! पान उठलं! अंडं सुटलं!

मुंगीने अंडं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. ठणठणीत!

"हुश्श!" म्हणाली मुंगी.

"हुश्श!" म्हणाली मावशी.

अंडं गेलं घरात, मुंगी निजली शेजारी, आपली गोष्ट इथवरी.